पंधरा वर्षांची पदवी: एका हवालदाराच्या कागदपत्रांचं प्रकरण

सातारा जिल्ह्यात मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी संपर्क-सत्रं घेतो. आमच्याकडे दरवर्षी काही फौजी येतात. कुणी रजेवर आलेला असतो, कुणी नुकताच पेन्शन आलेला. इकडे ‘पेन्शन आला’ असंच म्हणतात. त्यातल्या एकाचं प्रकरण इथे मांडतो, कारण त्यांची अडचण तशा वाटेवरच्या बहुतेकांना कधीतरी येतेच. नाव, गाव, पलटण आणि बँक बाजूला ठेवली आहे. गावात त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणतात, म्हणून इथेही मेजर. खरी रँक हवालदार. आमच्या भागात शिपाई असो की सुभेदार, फौजेतला माणूस मेजरच.

पार्श्वभूमी

मेजर २००४ मध्ये दहावी झाले. अकरावी-बारावीला नाव घातलं, पण लक्ष पुस्तकात नव्हतं, सोळाशे मीटरमध्ये होतं. पहाटे चारला उठून माळावर धावायचं, साडेपाच मिनिटांच्या आत आलं तरच पूर्ण गुण, मग बीमवर दहा पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा. बारावीचं वर्ष आणि भरती एकत्र आली आणि भरती जिंकली. २००६ च्या सप्टेंबरमध्ये ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला दाखल झाले. तेव्हा वय एकोणीस होतं.

त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. जनरल ड्यूटीच्या शिपायाला लागते दहावी, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. हाउसकीपर, मेसकीपर आठवी पासवर जातात. टेक्निकलला बारावी सायन्स लागतं आणि क्लार्कला बारावीत ६० टक्के. म्हणजे पलटणीतला बंदूक उचलणारा बहुसंख्य जवान दहावीच्या कागदावर आत येतो. त्या घटकेला दहावी पुरते, आणि पुढे सतरा वर्षं ती कुणी विचारतही नाही. सैन्याला अडाणी माणूस चालतो, असा याचा अर्थ नाही. सैन्य स्वतःच्या गरजेपुरतं शिक्षण स्वतः देतं. त्यासाठी आर्मी एज्युकेशनल कोअर आहे, तिचं प्रशिक्षण केंद्र पचमढीला. नायक-हवालदार व्हायचं तर नकाशावाचन आणि आर्मी सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशनच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मेजरांनी त्या वेळेवर चढल्या. मीडियम मशिनगनचं काम शिकले, पुढे नव्या पोरांना शिकवलंही.

पहिला निर्णयाचा क्षण इथेच होता, पण तेव्हा तो तसा वाटला नाही. २०१४ च्या सुमारास पलटण पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर होती. युनिटच्या एज्युकेशन हवालदारांनी त्यांना सांगितलं, आता दोन-अडीच वर्षं निवांत आहात, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी काढून टाका. मेजर मला म्हणाले, “साहेब, तेव्हा वाटलं, प्रमोशनची परीक्षा झाली, म्हणजे शिक्षण झालं. पोरगी चार वर्षांची होती, फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. संध्याकाळी कोण पुस्तक घेऊन बसतंय?” यात मला त्यांचा दोष दिसत नाही. पुढची फील्ड पोस्टिंग समोर असताना मिळालेली दोन वर्षं घरच्यांची असतात.

अडचण

२०२२ मध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला. मोठा भाऊ मुंबईला, शेती पाहायला कुणी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सतरा वर्षं पुरी होतात, तेव्हा स्वतःहून बाहेर पडायचं, असं मेजरांनी ठरवलं. छत्तिसाव्या वर्षी पेन्शन मिळणार, पण दोन मुलांचं शिक्षण त्यात होणार नाही, हे त्यांनी कागदावर मांडून पाहिलं होतं.

मार्च २०२३ मध्ये रजेवर असताना ते आमच्या केंद्रावर आले. हातात निळी प्लास्टिकची फाइल, प्रत्येक कागद वेगळ्या पारदर्शक पाकिटात. फौजी माणसाची फाइल बघण्यासारखी असते. सगळ्यात वर एक कागद होता, सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचं पदवी-समकक्षतेचं प्रमाणपत्र. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “सर, मी ग्रॅज्युएट आहे. आता बँकेत पीओ व्हायचंय.”

हे ‘ग्रॅज्युएट’ प्रकरण नीट सांगायला हवं, कारण गोंधळ इथेच होतो. माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीचे केंद्राचे नियम १९७९ चे आहेत. त्यांत १९८६ मध्ये भर घातली गेली. दहावी झालेला, किंवा सैन्याचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेला आणि किमान पंधरा वर्षं सेवा केलेला माजी सैनिक, पदवी ही अट असलेल्या गट क च्या पदाला पात्र धरावा, असं त्याचं सार. त्यालाही कुंपण आहे. तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक असलेली पदं यात येत नाहीत. म्हणजे हा कागद माणसाला पदवीधर करत नाही. काही ठरावीक जागांपुरती पदवीची अट बाजूला ठेवतो, एवढंच. एम.ए.ला प्रवेश मागायला गेलात तर विद्यापीठ तो परत करेल. बँकेत क्लार्क हे पद गट क च्या बरोबरीचं, तिथे तो चालतो. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या क्लार्क भरतीच्या जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, हे अधिकारी पद. तिथे विद्यापीठाचीच पदवी लागते.

मेजरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. उलट शहरातल्या एका कोचिंग क्लासने ‘तुम्ही पदवीधरच आहात, दोन्ही बॅचेस लावा’ म्हणून दुप्पट फी घेतली होती.

आणखी एक अडचण कागदावर दिसत नव्हती. त्यांना मी एक साधं गणित घातलं. आठशे रुपयांच्या वस्तूवर पंधरा टक्के सूट, तर किंमत किती? ते दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांत शेकडेवारीशी संबंधच आला नव्हता. इंग्रजीतले ‘इंडेंट’, ‘मस्टर’, ‘सँक्शन’, ‘डिटेल’ हे शब्द तोंडात होते, पण एक परिच्छेद वाचून त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर शोधणं जमत नव्हतं. मराठी लिहिताना हात अडखळायचा. पलटणीतला व्यवहार हिंदीत, त्यातही बराचसा रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदीत. इंग्रजांच्या काळातल्या रोमन उर्दूची ही शेपटी पुष्कळ वर्षं टिकली. मेजरांच्या जुन्या वहीत मशिनगनचे सगळे धडे त्याच लिपीत उतरवलेले होते, सुबक अक्षरात.

समोरचे पर्याय

आम्ही दोघांनी एका दुपारी बसून पर्याय मांडले.

पहिला, फौजेतच राहायचं. हवालदाराला चोवीस वर्षांपर्यंत राहता येतं, नायब सुभेदारीची आशाही होती. पण वडिलांचं कारण पक्कं होतं, त्यामुळे हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

दुसरा, डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे डीएससी. माजी सैनिकाला पुन्हा वर्दी, ओळखीचं काम, परीक्षेचा डोंगर नाही. पण पोस्टिंग देशात कुठेही. घरासाठीच बाहेर पडायचं आणि पुन्हा घराबाहेरच राहायचं, हे त्यांच्या पत्नीला अजिबात पटलं नाही. त्या या चर्चेला आल्या होत्या आणि माझ्या अनुभवात हे फार क्वचित घडतं. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, “इतकी वर्षं मी एकटीनं बघितलं, आता नाही.”

तिसरा, सुरक्षारक्षक. मेस्को या माजी सैनिकांच्या महामंडळामार्फत किंवा खासगी एजन्सीतून ते काम लगेच मिळतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं की वाट मोकळी. आमच्या भागातले निम्मे पेन्शनर तिकडेच जातात. काम वाईट नाही, पण ते दहावीच्याच पायरीवर उभं राहणं आहे, आणि पंचावन्नाव्या वर्षी रात्रपाळी करणारी माणसं मेजरांनी पाहिली होती.

चौथा, समकक्षतेच्या कागदावर क्लार्कची परीक्षा. सरकारी बँकांत क्लार्कच्या १४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी, वयातही सेवेची सगळी वर्षं अधिक तीन अशी सूट, कमाल वय पन्नास. राज्याच्या गट क पदांतही माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. तलाठ्यासारख्या पदवी मागणाऱ्या पदालाही पंधरा वर्षांची सेवा आणि दहावी चालते.

पाचवा, आधी खरी पदवी आणि मग सगळं. पण बारावीच नसल्याने बारावी आणि बी.ए. मिळून किमान चार-पाच वर्षं. तोवर घर कशावर चालवायचं?

माझा कल पाचव्याकडे होता, हे कबूल करतो. शिक्षकाला प्रत्येक दुखण्यावर पदवीचं औषध सुचतं. मेजरांनीच ते सरळ केलं. “सर, नोकरी आधी. पण बारावी सोबत चालू ठेवतो. कागद खोटा वाटायला नको.” हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कागद खोटा नव्हताच, पण त्यांना तो पोकळ वाटत होता, आणि मुलगी पुढच्या वर्षी नववीत जाणार होती.

काय केलं

सर्वांत आधी पीओचा विचार थांबवला. सुदैवाने अर्ज गेला नव्हता, पण सायबर कॅफेवाल्याने जुन्या जाहिरातीवरून मसुदा तयार करून ठेवला होता. त्यात ‘विद्यापीठ’ या रकान्यात ‘इंडियन आर्मी’ लिहिलेलं. तो अर्ज तसाच गेला असता तर खोटी माहिती म्हणून उमेदवारी रद्द होऊ शकली असती. आयबीपीएस पुढच्या भरतीत त्या माणसाकडे कशा नजरेने बघते, याची परीक्षा आम्हाला घ्यायची नव्हती. कोचिंगची अर्धी फी परत मागितली. मिळाली नाही.

सेवेचं एक वर्ष उरलं असताना क्लार्कसाठी अर्ज करता येतो. २०२३ च्या जुलैमध्ये त्यांनी युनिटच्या परवानगीसह तो केला आणि त्याच महिन्यात राष्ट्रीय मुक्त विद्यालयात बारावीचं नाव नोंदवलं. विषय निवडताना मी मराठी माध्यमाचा आग्रह धरणार होतो. मेजर म्हणाले, हिंदी माध्यम घेतो, सतरा वर्षं तेच वाचलंय. बरोबर होतं त्यांचं. हिंदी, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र आणि डेटा एंट्री हे पाच विषय. मुक्त विद्यालयात पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सुटा काढता येतो. संसारी माणसाला हे फार सोयीचं.

ऑगस्टच्या पूर्वपरीक्षेत मेजर नापास झाले. कारण हुशारीचं नव्हतं, घड्याळाचं होतं. शंभर प्रश्न, साठ मिनिटं, आणि प्रत्येक विभागाला वीस मिनिटांचं कुलूप. अंकगणिताच्या पस्तीस प्रश्नांना वीस मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला चौतीस सेकंद. मेजर पहिल्या प्रश्नावरच तीन मिनिटं अडले, कारण ‘सुरू केलेलं काम अर्धवट सोडायचं नाही’ ही शिकवण हाडात मुरलेली. विभाग बंद झाला तेव्हा चौदा प्रश्न झाले होते.

दुसरा महत्त्वाचा निर्णय यानंतरचा. ऑक्टोबरमध्ये घरी आल्यावर त्यांच्यासमोर एका एजन्सीची सुपरवायझरची नोकरी आली, पगार बरा होता. एक वर्ष थांबायचं की घ्यायची? त्यांनी घेतली नाही. शेती आणि अभ्यास, एवढंच. पेन्शनवर एक वर्ष काढायचं आणि मुलीच्या क्लासचे पैसे भावाने द्यायचे, असं घरात ठरलं. भाऊ एका शब्दाने नाही म्हणाला नाही, हेही लिहून ठेवतो, कारण असल्या प्रकरणांत भाऊ हा मोठा घटक असतो.

गणिताचा तिढा नकाशाने सुटला. एका रविवारी शेकडेवारीवर अडलेले असताना मी सहज विचारलं, पलटणीत नकाशा कोणता वापरायचात? “एकास पन्नास हजार.” मग नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती? “एक किलोमीटर,” उत्तर बंदुकीच्या गोळीसारखं आलं. सात सेंटिमीटर? “साडेतीन.” मग मी म्हटलं, तुम्ही हेच गणित सतरा वर्षं करताय, फक्त त्याला गुणोत्तर म्हणतात. तुमचा शंभराचा नकाशा म्हणजे शेकडेवारी. बॅक बेअरिंग, म्हणजे उलट दिशेचा कोन, काढताना १८० मिळवायचे की वजा करायचे, हे ज्याला रात्री टॉर्चच्या उजेडात सुचतं, त्याला नफा-तोटा जड जायचं कारण नाही. त्या दिवसापासून त्यांच्या वहीत प्रत्येक गणिताशेजारी छोटी पट्टी काढलेली असायची.

इंग्रजीला असा सोपा रस्ता मिळाला नाही. तिथे रोज एक बातमी मोठ्याने वाचणं आणि चुकलेले शब्द लिहिणं, एवढंच केलं. मुलगी वाचून घ्यायची. बाप चुकला की ती हसायची आणि मेजर तिला ‘फ्रंट रोल’, म्हणजे कोलांट्यांची शिक्षा, द्यायची धमकी द्यायचे.

निष्पत्ती

२०२४ मध्ये दुसऱ्यांदा अर्ज केला. ऑगस्टची पूर्वपरीक्षा आणि ऑक्टोबरची मुख्य परीक्षा दोन्ही निघाल्या. दरम्यान बारावीचे चार विषय झाले होते, इंग्रजी राहिलं होतं, ते नंतरच्या सत्रात सुटलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये बँक मिळाली आणि उन्हाळा सरता सरता ते जिल्ह्यातल्याच एका शाखेत रुजू झाले. मराठी येत असल्याचा पुरावा म्हणून दहावीची गुणपत्रिका चालली. एकवीस वर्षांनी त्या कागदाचा हा दुसरा उपयोग.

कागदपत्रांच्या तपासणीत एक घोळ झालाच. दहावीच्या प्रमाणपत्रात आडनाव आधी, सैन्याच्या नोंदीत शेवटी, आणि वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक. प्रतिज्ञापत्र करून घेण्यात चार दिवस गेले. नोकरीत असताना रेकॉर्ड ऑफिसकडून ही दुरुस्ती सहज झाली असती.

रुजू होताना आणखी एक काळजी घेतली. माजी सैनिकाने आरक्षणातून एकदा नागरी नोकरी स्वीकारली की पुढच्या भरतीसाठी त्याचा तो हक्क संपतो. मात्र २०१४ च्या केंद्राच्या आदेशानुसार, रुजू होण्याआधी केलेले अर्ज तारखेनिशी लिहून नव्या मालकाला दिले तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. मेजरांचा रेल्वेचा एक अर्ज बाकी होता. त्यांनी ती यादी पहिल्याच दिवशी दिली. रेल्वेत त्यांना जायचं नव्हतं, पण यादी दिली. फौजी माणूस.

बी.ए.ला त्यांनी आमच्याच केंद्रावर नाव घातलं आहे. पहिल्या वर्षाच्या एका पेपरला शाखेतून रजा मिळाली नाही, तो राहिला. ‘एवढ्यासाठी पदवी कशाला, नोकरी तर लागली,’ असं त्यांना शाखेत दोघा-तिघांनी विचारलं. पण बँकेत वर जायचं तर पदवी उपयोगाची आहे. जेएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षेलाही मूळ अट बारावीची आहे, ती आता त्यांच्याकडे आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते निर्णायक चूक २०२३ ची नव्हती, २०१४ ची होती. पीस स्टेशनच्या त्या दोन वर्षांत बारावी निघाली असती आणि २०१७-१८ च्या सुमारास दुसऱ्या पीस पोस्टिंगला बी.ए. सुरू झालं असतं, तर बाहेर पडताना आणखी पुष्कळ दारं उघडी राहिली असती. मुख्य म्हणजे वाचायची सवय तुटली नसती. समकक्षतेचा कागद हा पंधरा वर्षांच्या सेवेचा सन्मान आहे, तो सोडायला मी कुणाला सांगणार नाही. पण पंधरा वर्षांनी तो मिळणारच आहे, या भरवशावर जवान मधली वर्षं मोकळी सोडतात. एज्युकेशन हवालदाराने सांगितलेलं तेव्हा पटत नाही, कारण समोर कुणी अडवत नसतं.

माझीही एक चूक झाली. पहिल्या परीक्षेआधी मी अभ्यासक्रम शिकवत बसलो, घड्याळ लावून एकही सराव पेपर घेतला नाही. ते केलं असतं तर चौतीस सेकंदांचा धक्का परीक्षेच्या हॉलमध्ये बसला नसता. कदाचित एक वर्ष वाचलं असतं.

पुनर्वसन संचालनालयाच्या निवृत्तिपूर्व कोर्सचंही तसंच. मेजरांनी तो घेतलाच नाही, शेवटचे महिने रजा जमवून घरी आले. संगणकाचा कोर्स तिथे झाला असता तर डेटा एंट्रीसाठी बाहेर पैसे गेले नसते.

या प्रकरणाला आता एक पुढचा धागा जोडला गेला आहे. मेजरांचा भाचा २०२३ मध्ये अग्निवीर म्हणून भरती झाला. चार वर्षांची नोकरी, नंतर २५ टक्के जणच कायम. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख मिळतील, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि पंधरा वर्षांचा तो समकक्षतेचा कागद तर नाहीच. त्याच्यासाठी व्यवस्था वेगळी आहे. दहावीवर आलेल्याला मुक्त विद्यालयाकडून बारावी, आणि इग्नूची अशी पदवी जिच्यात निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरतात. मागच्या दिवाळीत तो रजेवर आला होता. मेजरांनी त्याला केंद्रावर आणलं, हातात तीच निळी फाइल. आत मामाच्या बारावीच्या अर्जाची झेरॉक्स होती, रकाने कसे भरायचे ते दाखवायला. पोरगा म्हणाला, अजून वेळ आहे. मेजरांनी काही न बोलता माझ्या टेबलावरचा पेन उचलून त्याच्यापुढे धरला.